तोंडात तीळ न भिजणारी सोबतीण

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू झाला त्या बुधवारी आमच्या नव्या पाळकसाहेबांनी सांगितलं, की चहा सोडणं, मटण सोडणं हे दर वर्षीचंच झालं. यंदा प्रत्येकानं मंडळीतला एक सोबती निवडायचा. ईस्टर येईपर्यंत दर आठवड्याला त्याच्याबरोबर बसायचं, आपलं खरं दुखणं त्याला सांगायचं, त्याचं ऐकायचं आणि एकमेकांसाठी प्रार्थना करायची. पाळकसाहेब तिशीचे, शिकून नुकतेच बाहेर पडलेले. "ख्रिस्ती माणूस एकटा चालत नाही," ते म्हणाले, "पण सोबती जपून निवडा."

हे शेवटचं मला सांगायची गरज नव्हती. जपून निवडण्यात माझं आयुष्य गेलं आहे. मी साडी घ्यायला बसले की दुकानदार पोराला जेवायला घरी पाठवतो. नवरा निवडायची वेळ आली तेव्हा एकाचं हसणं फार मोठं होतं, एकाचं अक्षर वाईट होतं आणि एक जण चहा बशीत ओतून भुरके मारायचा. आई म्हणायची, "निवडत बस. तांदूळ संपतील आणि हातात सूप राहील." तसंच झालं. आई-वडील गेले, भाऊ पुण्याला स्थिरावला आणि राहात्याच्या घरात मी आणि माझी निवड अशा दोघीच उरलो.

त्यात मी हायस्कुलात इतिहास शिकवणारी. गुण देण्याची सवय लागली की ती शाळेच्या फाटकाशी थांबत नाही. मी उपासनेत बसून लोकांच्या प्रार्थनांना मनातल्या मनात गुण देत असे. अमकीची प्रार्थना लांबली, दोन गुण कमी. तमक्यानं प्रभूला आपल्या बोअरवेलची खोली सांगितली, विषयांतर. माझी स्वतःची प्रार्थना मात्र कशी आखीव असायची. आधी स्तुती, मग आभार, मग विनवणी, आणि शेवटाकडे आवाज किंचित खाली. माझ्यानंतर प्रार्थना करायला सहसा कोणी उभं राहत नसे. लोक भारावून जातात, अशी माझी समजूत होती.

यंदा मात्र मला सोबतीची खरोखरच गरज होती, आणि ते कोणालाच ठाऊक नव्हतं. नाताळ उलटल्यावर एक दिवस अंघोळ करताना छातीत गाठ हाताला लागली. राहात्याच्या डॉक्टरीणबाईंनी मोठ्या हॉस्पिटलात धाडलं. तिथे मी एकटीच गेले. बाहेरच्या बाकड्यावर कोणी शेजारी बसून चौकशी करू नये म्हणून बाजूच्या खुर्चीवर पिशवी ठेवून दिली. आतल्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, गाठ काढून तपासायला पाठवावी लागेल, उशीर करू नका. तारीख घ्यायला खिडकीशी गेले तर आतल्या मुलीनं विचारलं, "सोबत कोण?"

"मीच," मी म्हणाले.

"मग पेशंट कोण?"

"मीच."

"अहो बाई, भरती होताना जवळचं माणूस लागतं. सोबत कोण येणार?"

भाऊ येईल, असं सांगून मी तारीख घेतली. भावाला सांगितलं असतं तर तो आलाही असता. पण त्यानं आधी वहिनीला सांगितलं असतं, वहिनीनं मला पुण्याला हलवलं असतं आणि मी तिच्या दिवाणखान्यात शहाण्यासारखी बसून राहिले असते. म्हणून मी त्याला कळवलं नाही. तारीख आली आणि गेली. दुसरी घेतली, तीही गेली. परीक्षेचे पेपर आहेत, अशी सबब मी स्वतःलाच सांगत होते. खरं कारण एवढंच होतं, की त्या खिडकीतल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मला फार भीती वाटत होती.

तर सोबती निवडायचा. मी मंडळीतल्या एकेकीला मनातल्या मनात पुढे बोलावलं. वडीलमंडळातल्या एकांच्या पत्नी प्रेमळ, पण त्यांचं सगळं बोलणं त्यांच्या रक्तातल्या साखरेपाशी येऊन थांबायचं. गायनवृंदातली एक जण चांगली, पण ती वरच्या पट्टीत रडते. दोघी-तिघी माझ्याच विद्यार्थिनी, त्यांच्यापुढे दुखणं काय काढायचं? आणि माझं दुखणं ऐकणारी बाई कशी हवी? गंभीर हवी, वचनांत मुरलेली हवी, आणि मुख्य म्हणजे तिच्या तोंडाला कुलूप हवं. अशी बाई राहात्यात नव्हती. तेव्हा शनिवारी शाळा सुटल्यावर मी नगरची एसटी धरली.

नगरला एक ताई होत्या. ऐंशीच्या पुढच्या, बायबलचे वर्ग घेणाऱ्या. जिल्ह्यातल्या कितीतरी बायका त्यांना आपली आत्मिक आई म्हणत. पांढरं पातळ, पांढरे केस, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्यानं आपोआप पदर सावरावा. मी वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं. ताई, मला गाठ आहे, मला एकटीला जायची भीती वाटते, तुमच्या ओळखीचं कोणी माझ्याबरोबर येईल का? पण त्यांच्यासमोर बसले आणि माझ्यातली शाळेतली बाई जागी झाली. "ताई, मला आत्मिक मार्गदर्शनाची नितांत आवश्यकता भासते," असं मी म्हणाले. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. पुढचा तासभर आम्ही आत्म्याच्या कोरड्या ऋतूंविषयी बोललो. निघताना, चपला घालता घालता, मी गाठीचं सांगितलं. एकटीचं सांगितलंच नाही.

ताईंनी माझा हात हातात घेतला, डोळे मिटले, एक वचन सांगितलं आणि म्हणाल्या, "हे तुझ्यात, माझ्यात आणि प्रभूत राहील. चौथ्या कानाला कळणार नाही."

मी धन्य होऊन परतले. गुपित ठेवायला याहून चांगली जागा जिल्ह्यात सापडली नसती.

दुसऱ्या दिवशी उपासना संपल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "ज्यांना सोबती मिळाला त्यांनी जोडीनं उभं राहावं." आम्ही चर्चला देऊळ म्हणतो; ते सगळं देऊळ उभं राहिलं. बाकांचा आवाज शांत झाला तेव्हा दोघीच बसलेल्या होत्या. पहिल्या बाकावर मी, आणि शेवटच्या बाकावर अकोल्याकडच्या मावशी. नापासांना बसवून ठेवतात तशा आम्ही बसलो होतो. मी उठून सांगितलं, की मी नगरच्या ताईंना निवडलं आहे. पाळकसाहेब नम्रपणे म्हणाले, "फार छान. पण दर आठवड्याला भेटायचं आहे ना, तेव्हा सोबती आपल्यातलाच हवा." मग त्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं आणि मी घाईघाईनं खाली बसले.

मावशींना इथे येऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांचं गाव अकोले तालुक्यात, डोंगरात, भाताच्या खाचरांमधलं. यजमान वारले तेव्हा साखर कारखान्यात नोकरीला असलेल्या मुलानं त्यांना इकडे आणलं. आल्या आल्या त्यांनी सगळ्या मंडळीची खडान्‌खडा माहिती काढली आणि जी काढली ती सगळ्यांना वाटली. तोंडात तीळ भिजायचा नाही. त्यांच्या कानावर घातलेली गोष्ट बाजाराच्या दिवसाची वाट पाहत नसे. त्या चांगल्या होत्या, नाही असं नाही. फक्त त्यांच्याजवळ काही बोलायची सोय नव्हती. म्हणून त्या उरल्या, हे मला समजत होतं. मी का उरले, ते समजत नव्हतं.

ते मावशींनीच सांगितलं, देवळाच्या पायरीवर, चपला शोधता शोधता. "तुमाला घ्यायला कोनी तयारच न्हाई, बाई. भ्यात्यात तुमाला."

"भितात? मला?"

"व्हय. कोनी प्रार्थना कराया लागलं की तुमी असा श्वास सोडताय," असं म्हणून त्यांनी नाकातून श्वास सोडून दाखवला. नक्कल अगदी हुबेहूब होती. "मला काय भ्या न्हाई. मला लिवता-वाचता कमीच येतं, मला कितीबी मार्क द्या."

घरी येऊन मी आरशासमोर श्वास सोडून पाहिला. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्याला मी लोकांचं भारावणं समजत होते ती भीती होती.

दर मंगळवारी मावशी संध्याकाळी माझ्याकडे येऊ लागल्या. बैठक अशी चाले, की आधी त्या चहा पीत, मग माझ्या कपाटातल्या साड्या मोजून घेत, मग आम्ही प्रार्थनेचे विषय ठरवत. त्यांचे विषय म्हणजे अख्खा तालुका. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाचा मुलगा परीक्षेच्या नावाखाली शिर्डीत कुठे फिरतो, पेरूच्या बागेवरून कोणत्या दोन भावांचं बिनसलंय. हे सगळं त्या "प्रार्थनेसाठी सांगते हं" असं म्हणून सांगत, त्यामुळे मला ऐकणं भागच पडे. मी फार नाखुशीनं ऐकायचे आणि मधूनमधून बारीकसारीक शंका विचारायचे.

माझी पाळी आली की मी विषय देत असे: देशासाठी, राज्यकर्त्यांसाठी, जगात शांतता नांदावी म्हणून. पहिले दोन मंगळवार मावशींनी निमूटपणे जगाच्या शांततेसाठी प्रार्थना केली. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "जगाचं प्रभू बघून घेईल. तुमचं सोताचं काय?"

"माझं काही नाही. प्रभूच्या कृपेनं सगळं ठीक आहे."

"मग माज्याकडं कशाला आलाय?" त्या म्हणाल्या. त्या माझ्याच घरात बसल्या होत्या, पण मुद्दा बरोबर होता.

पुढच्या मंगळवारी मी आत चहा टाकत होते तेव्हा बाहेर माझा फोन वाजला. दुसऱ्याचा फोन वाजला की तो उचलायचा, अशी मावशींची रीत. त्यांचा आवाज आत आला. "हां, बोला. मी त्येंची बहीन बोलतीया." मग बराच वेळ नुसतं "व्हय, व्हय" आणि "आरं द्येवा". चहा उतू गेला. मावशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "बाई, गाठ हाय म्हनं तुमाला. दोन तारखा चुकवल्या म्हनं. सोबत कोन येनार इचारलं तर भाऊ सांगितला म्हनं. दवाखान्यानं आता फुडल्या मंगळवारची तारीख दिलीया."

मी ओट्यावरचा चहा पुसत राहिले. त्यांच्याकडे बघण्याचा धीर झाला नाही. मग एकदम आठवलं, की ही बाई आता इथून बाहेर पडणार आहे आणि बाहेर अख्खं राहाता आहे. मी त्यांचा हात धरला. "मावशी, शपथ घ्या. हे कोणाला सांगणार नाही म्हणा."

"आपल्यात शपथ न्हाई घेत," त्या शांतपणे म्हणाल्या. हेही बरोबर होतं. "पन मी कोनाला न्हाई सांगनार. नुसतं प्रार्थनेत ठेवते."

मी सुस्कारा सोडला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. जन्मापासून ख्रिस्ती मंडळीत वाढलेल्या, शिकल्यासवरलेल्या बाईनं "प्रार्थनेत ठेवते" हे ऐकून निश्चिंत व्हावं, याला काय म्हणायचं?

त्याच आठवड्यात शुक्रवारची घरप्रार्थना होती, त्या रक्तातल्या साखरेवाल्या बाईंच्या घरी. सतरंजीवर सगळे बसलो. गाणं झालं, वाचन झालं आणि पाळकसाहेबांनी प्रार्थनेची वेळ सर्वांसाठी मोकळी केली. सगळ्यांचे डोळे मिटले. दोघा-तिघांच्या प्रार्थना झाल्या, मी श्वास जपून सोडत होते, आणि मग मावशींचा आवाज आला.

"प्रभू बापा, ह्या आमच्या बाई हायत ना, त्येंच्या छातीत गाठ झालीया. त्यांनी मला सांगितलंय, कोनाला सांगू नगा. मी कोनालाबी सांगितलं न्हाई प्रभू, फकस्त तुला सांगते."

माझे कान तापले. बोलणाऱ्या माणसाला आपण मध्येच अडवू शकतो, पण प्रार्थना करणाऱ्याला अडवता येत नाही, कारण तो आपल्याशी बोलतच नसतो. डोळे उघडणं अशिष्टपणाचं, उठून जाणं त्याहून वाईट. मी जागच्या जागी बसून राहिले आणि मावशी प्रभूला सविस्तर सांगत राहिल्या.

"दवाखान्यानं दोनदा बलावलं, ह्या गेल्या न्हाईत. का गेल्या न्हाईत, तर संगं जायला कोन न्हाई. आन कोनाला इचारायची लाज वाटती. गर्व हाय प्रभू, पन बाई वाईट न्हाईत. आमेन."

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. मीही प्रार्थना सुरू केली. "हे स्वर्गीय पित्या," मी म्हणाले, आणि स्तुती, आभार वगैरे सगळं गाळून थेट विनवणीवर आले, "आम्हा सर्वांच्या ओठांवर पहारा ठेव. काहींच्या ओठांवर दुहेरी ठेव. आमेन."

लगेच मावशी. "प्रभू, बाई कावल्यात. कावू दे. पन या मंगळवारची तारीख हाय, ती चुकू देऊ नगं."

यावर मी काय उत्तर द्यायचं ते जुळवतच होते, तेवढ्यात कोपऱ्यातून घरमालकीणबाईंचा बारीक आवाज आला. "प्रभू, मंगळवारी मी मोकळीच आहे."

"प्रभू, मी पण," गायनवृंदातली म्हणाली. ती रडायला लागली होती, वरच्या पट्टीत.

"प्रभू, माझी गाडी आहे," मावशींचा मुलगा म्हणाला. "फक्त पहाटे निघू दे, नगर-मनमाड रस्त्यावर नंतर ट्रक फार लागतात."

अशी ती प्रार्थना चालली. डबा कोण देणार, रात्री कोण थांबणार, शाळेत कोण कळवणार, सगळं मिटल्या डोळ्यांनी ठरलं. पाळकसाहेबांनी शेवटचं आमेन म्हटलं तेव्हा डोळे उघडून चहा-पोहे घेण्यापलीकडे काही काम उरलं नव्हतं. मी डोळे उघडायला उशीर लावला. ते ओले होते. मला भयंकर लाज वाटत होती, मावशींचा राग आला होता, आणि त्या सगळ्याच्या तळाशी इतकं सुटल्यासारखं वाटत होतं की त्याचीही लाज वाटत होती.

मंगळवार येईपर्यंत बातमीला पाय फुटले. मावशींनी सांगितलं होतं छातीत गाठ. बाजारपेठेपर्यंत जाता जाता ती पोटात उतरली, आणि स्टँडपर्यंत पोचली तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते. दूधवाला माझ्याकडे बघून पावशेर जास्त घालू लागला. एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली, माझ्या पायांशी बसली आणि माझ्यामागे इतिहासाच्या पुस्तकांचं काय होणार म्हणून हळूच विचारून गेली. घरात डबे इतके जमले की शेजारच्या घरी पोचवावे लागले. मी मावशींशी एक अक्षर बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातच आलं नाही, कारण त्या सबंध वेळ बोलत होत्या.

हॉस्पिटलच्या खिडकीतल्या मुलीनं मला ओळखलं. "सोबत कोण?" तिनं विचारलं. मी काही बोलायच्या आत माझ्या खांद्यावरून डोकी पुढे आली. मावशी, घरमालकीणबाई, गायनवृंदवाली, आणि सगळ्यांच्या मागे गाडीची किल्ली फिरवत मावशींचा मुलगा.

"यातलं जवळचं नातेवाईक कोण?" मुलगी म्हणाली.

"मी बहीन," मावशी म्हणाल्या. उपवासकाळात, इतक्या माणसांसमोर, न अडखळता. मी त्यांना खोटं पाडलं नाही.

गाठ साधी निघाली. अहवाल आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी प्रभूचे आभार मानले. माझी पुस्तकं मागणारीचा चेहरा जरा उतरलेला दिसला, पण तो माझ्या मनाचा खेळ असेल. सहा महिन्यांनी एकदा येऊन दाखवून जायचं, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. नगरच्या ताईंना मी फोन करून कळवलं. त्यांनी फार मायेनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि गुडघा आता कसा आहे?" त्यांचा दोष नाही. इतक्या बायकांनी त्यांच्याकडे इतकं काही जपून ठेवायला दिलं होतं, की कोणाचं काय ते त्यांनी तरी किती आठवायचं. चौथ्या कानाला कळणार नाही, हा शब्द मात्र त्यांनी तंतोतंत पाळला होता.

ईस्टरच्या आधीच्या शेवटच्या मंगळवारी मावशी आल्या. मी टाके सांभाळत पलंगावर होते, चहा त्यांनीच केला. त्या नेहमीप्रमाणे तालुक्याचे विषय सांगू लागल्या आणि माझ्या एकदम ध्यानात आलं, की इतक्या आठवड्यांत मी त्यांना एकदाही विचारलेलं नाही. "मावशी, तुमचा स्वतःचा विषय काय?"

त्या थांबल्या. मावशी बोलायच्या थांबल्यावर कशा दिसतात हे मी तेव्हा प्रथमच पाहिलं. लहान दिसल्या.

"मला माज्या घरला जायाचंय," त्या म्हणाल्या. "हितं कारखान्याच्या मळीचा वास येतो, जेवन जात न्हाई. चहूकडं नुसतं सपाट. डोंगर दिसत न्हाई तर मला वाटतं, मी कुटंतरी हरवलीया. म्हनून मी ह्याच्या-त्याच्या घरी बोलत बसते. गप बसलं की रडू येतं." मग त्यांनी पदरानं नाक पुसलं. "पन पोराला सांगू नगा, बाई. त्यानं लई हौसेनं आनलंय मला. कोनालाबी सांगू नगा."

"नाही सांगणार," मी म्हणाले. आणि खरं सांगायचं तर मला सांगायचंच नव्हतं. आयुष्यभर निवडून निवडून हाती काही लागलं नाही, आणि न निवडता ही एक माझ्या वाट्याला आली. ती अकोल्याला गेली तर मंगळवारी माझ्या दारात कोण येणार? गुपित पाळणं मला इतकं सोयीचं कधीच वाटलं नव्हतं. नगरच्या ताईंची ही गंभीर, कुलूपबंद रीत किती बरी, असं मी स्वतःला दोन दिवस समजावलं.

तिसऱ्या दिवशी गुड फ्रायडे होता. दुपारची उपासना आटोपल्यावर संध्याकाळी मावशींच्याच घरी प्रार्थना होती. त्यांचा मुलगा समोर बसला होता, मावशी माझ्या शेजारी. डोळे मिटले आणि मी तोंड उघडलं. आखणी काही केलेली नव्हती.

"प्रभू, मावशींनी मला सांगितलंय की कोणाला सांगू नका. मी कोणालाही सांगितलेलं नाही. फक्त तुला सांगते."

मावशींनी माझ्या दंडाला कडकडून चिमटा घेतला. मी सांगत राहिले. मळीच्या वासाचं, डोंगराचं, मुलाच्या हौसेचं, सगळं. मधेच माझा आवाज फुटला. "त्या गेल्या तर माझं कसं होईल ते मला माहीत नाही, प्रभू. पण त्यांना जायचंय. आमेन." त्या प्रार्थनेला मी किती गुण दिले असते कोण जाणे. समोर मुलानं घसा साफ केला. "प्रभू," तो म्हणाला, "आईनं मला आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं." आणि सगळ्यांत शेवटी, चिमटा तसाच धरून, मावशी म्हणाल्या, "आमेन."

मे महिन्यात, भाताची रोपं टाकायच्या आधी, तो त्यांना गावी सोडून आला. शेजारी चुलतदीर आहेत, दर पंधरा दिवसांनी मुलगा जातो. मंगळवारी संध्याकाळी मी दोन कप चहा टाकते आणि दोन्ही पिते.

सहा महिने झाल्यावर मी तपासणीला गेले. घरमालकीणबाई येणार होत्या, पण ऐन सकाळी त्यांची साखर वाढली. बाकड्यावर एकटीच बसले, आणि सवयीनं पिशवी शेजारच्या खुर्चीवर ठेवली. तेवढ्यात फोन वाजला. डोंगरात रेंज येत नाही म्हणून मावशी फोनवर ओरडूनच बोलतात.

"बाई! दाखवलं का? गाठ पुन्यांदा तर आली न्हाई ना?"

रांगेतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी हळू आवाजात सांगितलं, की अजून नंबर यायचा आहे. मावशींनी तिथूनच मोठ्यानं प्रार्थना केली, त्यांच्याकडचा पाऊस, माझा नंबर आणि डॉक्टरांचा हात या सगळ्यांसकट, आणि फोन ठेवला.

समोर भिंतीला टेकून एक बाई उभी होती. माझ्यापेक्षा लहान, हातातली फाईल छातीशी आवळून धरलेली. ती माझ्याकडे बघत होती. थोडी पुढे आली आणि अगदी हळू म्हणाली, "तुम्हालाही गाठ होती?"

"होती," मी म्हणाले. "तुमच्यासोबत कोण आहे?"

तिनं नकारार्थी मान हलवली. मी खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.